बॅटरी पारखून घ्या

आमच्या गावच्या वाचनालयात रात्री प्रौढांचा वर्ग भरतो. नेमकी वर्गाच्या वेळेलाच वीज जायची. म्हणून गावाने वर्गणी काढली. बॅटरी आणायचे काम माझ्याकडे आले. तालुक्याच्या एका दुकानदाराने स्वस्त बॅटरी दाखवली. म्हणाला, "गुरुजी, ट्रकला चालते, ती दिव्याला नाही का चालणार?" मला ते पटले. आठ महिन्यांत बॅटरी मेली. बायाबापड्या पाटी-पेन्सिल आवरून अंधारात घरी गेल्या. जन्मभर मुलांना हिशेब शिकवला, आणि माझाच हिशेब चुकला! तो कुठे चुकला ते सांगतो. तुमचा पैसा तरी वाचेल.

ट्रकची वेगळी, घरची वेगळी

बॅटरीत शिशाच्या प्लेटा असतात. त्या गंधकाच्या पातळ तेजाबात बुडालेल्या असतात. दोघांच्या क्रियेतून वीज मिळते. बाहेरून वीज दिली, की क्रिया उलटी होते आणि बॅटरी पुन्हा भरते. ही युक्ती फ्रान्समधल्या प्लांते नावाच्या शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधली.

ट्रकच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. इंजिन सुरू करायला क्षणभर मोठा जोर लागतो, तेवढाच ती लावते. मग इंजिनच तिला भरते. घरच्या बॅटरीचे तसे नाही. ती तासन्‌तास थोडी थोडी वीज देते. बरीच रिकामी होते, मग पुन्हा भरते. तिला जाड प्लेटा लागतात. एक शर्यतीचा बैल, दुसरा नांगराचा. शर्यतीच्या बैलाला रोज नांगराला जुंपले तर काय होईल? आमच्या बॅटरीचे तेच झाले.

म्हणून इन्व्हर्टरसाठी किंवा सोलरसाठी 'ट्यूब्युलर' बॅटरी मागा. तिच्यात प्लेटेचा मसाला नळ्यांत भरलेला असतो. तो लवकर झडत नाही.

माप एकच हवे

बॅटरीवर १५० एएच असे लिहिलेले असते. ते तिचे माप. १२ व्होल्टला १५० ने गुणा. १८०० आले. यातली निम्मीच वीज वापरावी, म्हणजे बॅटरी जास्त वर्षे टिकते. निम्मी म्हणजे ९००. समजा, ९ वॅटचे पाच दिवे आणि ७५ वॅटचा एक पंखा आहे. मिळून १२० वॅट झाले. ९०० ला १२० ने भागा. साडेसात तास आले. थोडी वीज इन्व्हर्टर खातो. तेव्हा सहा तास धरा.

आता एक मेख पाहा. मापाजवळ 'सी १०' किंवा 'सी २०' असे लिहिलेले असते. सी १० म्हणजे दहा तासांत रिकामी करून घेतलेले माप. सी २० म्हणजे वीस तासांत. बैल सावकाश हाकला तर जास्त चालतो. बॅटरीचेही तसेच. म्हणून सी २० चे १५० हे सी १० च्या १५० पेक्षा कमीच भरते. दोन बॅटऱ्या ताडताना दोघींचे माप एकच आहे ना, ते आधी बघा.

नाव पाहावे, पण नावावर जाऊ नये

एक्साइड ही जुनी कंपनी. तिची स्थापना १९४७ ची. आपल्या चिंचवडलाही तिचा कारखाना आहे. अमरॉन बॅटरी आंध्र प्रदेशातल्या अमर राजा कंपनीची. ल्युमिनसही बाजारात मिळते. पण एकच कंपनी हलक्या आणि भारी, दोन्ही बॅटऱ्या काढते. म्हणून नुसते नाव पुरत नाही. चार गोष्टी बघा :

१. बॅटरी कोणत्या जातीची आहे?
२. वजन किती? एकाच जातीच्या आणि मापाच्या दोन बॅटऱ्यांत जी जड, तिच्यात बहुधा शिसे जास्त.
३. ती कधी बनली? फार दिवस दुकानात पडून राहिलेली घेऊ नका.
४. गॅरंटी किती? '३६ अधिक २४' म्हणजे पहिले ३६ महिने बॅटरी फुकट बदलून मिळते. पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते. पक्के बिल घ्या. कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या.

आणि दुरुस्ती करणारा माणूस जवळपास आहे का, तेही विचारा.

स्वस्त की महाग?

उदाहरण घेऊ. एक बॅटरी ८००० रुपयांची, दोन वर्षे टिकली. वर्षाला ४००० पडले. दुसरी १५००० ची, पाच वर्षे टिकली. वर्षाला ३००० पडले. मग स्वस्त कोणती? किंमत विचारू नका, वर्षाचा खर्च काढा.

सांभाळ

चांगली बॅटरीही हेळसांडीने मरते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको, आणि वरून तेजाब तर नकोच. पाणी खुणेच्या वर जाऊ देऊ नका. रिकामी बॅटरी तशीच ठेवू नका, लगेच भरा. ती भरताना पेट घेणारा वायू निघतो. म्हणून ती हवेशीर जागी ठेवा. जवळ बिडी ओढू नका.

जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिसे विषारी असते. पोरांना त्याची बाधा फार लवकर होते. नवी घेताना जुनी दुकानात द्या. तिचे पैसे वजा होतात.

आम्ही पुढची बॅटरी अशी पारखून घेतली. तिला तीन पावसाळे झाले. वीज जाते, पण वर्ग सुटत नाही.