लोणारचा दगड आणि संशोधनाची वाट

सूक्ष्मदर्शक आणि उपग्रहाच्या प्रतिमांवरून होणाऱ्या संशोधनाची ओळख करून घ्यायला बुलढाण्यातल्या विद्यार्थ्याला लोणारसारखी जागा दुसरी नाही. बेसॉल्ट खडकातलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आघाती विवर. इथला दगड घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करतात आणि ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून पाहतात. एरवी पट्टेदार दिसणारं फेल्डस्पार आघाताने काचरूप झालं असेल, तर ते काळंच राहतं. अशनी कोसळल्याचा हा भक्कम पुरावा! प्रतिमा आकाशातूनही मिळतात: जून २०२० मध्ये विवरातलं सरोवर गुलाबी झालं, ते लँडसॅट-८ उपग्रहाने टिपलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव ओळखले.

अशा संशोधनाकडे जाण्याची वाट अशी: भूशास्त्र किंवा भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा. तिच्यातून मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये. बारावीनंतर गणित मात्र सोडू नका.