आस्कोव्हचे मास्तर

तेल-कोळशावर मोठी झालेली कंपनी खरोखर हरित होते, की नुसता रंग बदलते? वाचक हे वरचेवर विचारतात. यासाठी डेन्मार्कची ‘ऑर्स्टेड’ पाहावी, कारण तिथे हा बदल बराचसा घडून गेला आहे.

तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसूची हलते, हे १८२० मध्ये दाखवणाऱ्या हान्स ख्रिश्चन ओरस्टेड यांना आपण शाळेत भेटलेलो असतो. कंपनीनं त्यांचं नाव घेतलं ते २०१७ मध्ये. त्याआधी ती ‘डाँग’ होती, म्हणजे डॅनिश तेल आणि नैसर्गिक वायू. २००९ मध्ये तिची ८५ टक्के वीज आणि उष्णता खनिज इंधनांतून येत होती. हे प्रमाण २०४० पर्यंत नेमकं उलटं करायचं, असं तिनं त्या वर्षी ठरवलं. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डजवळ ती कोळशावरचा प्रकल्प उभारणार होती, तोही लोकांच्या विरोधामुळे त्याच वर्षी सोडावा लागला. पुढे २०४० चं उद्दिष्ट २०१९ मध्येच गाठलं गेलं आणि २०२४ मध्ये एस्बियेर इथलं तिचं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं.

हे यश खरं आहे, पण हिशेब नीट पाहायला हवा. कंपनीनं तेल-वायूचा व्यवसाय २०१७ मध्ये ‘इनिऑस’ या रसायन कंपनीला विकला. तिच्या वहीतून ते कर्ब उत्सर्जन गेलं, विहिरी मात्र चालूच राहिल्या. काही केंद्रांत कोळशाच्या जागी लाकडाचे पेलेट आले. लाकूड जाळलं की धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड लगेच बाहेर पडतो. तो परत शोषून घेणारं झाड वाढायला कित्येक वर्षं लागतात. तरीही नियमांनुसार वीज केंद्राच्या खात्यात तो शून्य धरला जातो. मला ही सूट पटत नाही.

वाऱ्याच्या बाबतीत अशी पळवाट नाही. ते काम अस्सल आहे आणि त्याचं मूळ आस्कोव्ह नावाच्या डॅनिश खेड्यात आहे. तिथल्या लोकशाळेतले शिक्षक पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये सरकारी मदतीनं वीज बनवणारी पवनचक्की उभारली. वारा कधी झोंबतो, कधी पडतो. डायनामोला मात्र एकसारखी गती लागते. त्यासाठी ला कूर यांनी ‘क्रॅटोस्टॅट’ हे नियंत्रक साधन बनवलं. मग प्रश्न उरला वारा नसताना काय करायचं याचा. त्यांनी विजेनं पाण्याचं विघटन केलं, हायड्रोजन टाकीत साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले! हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला गेला की स्फोट व्हायचा आणि खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागायच्या. तरी मास्तर मागे हटले नाहीत. स्वतः बांधलेल्या वातनलिकेत प्रयोग करून त्यांनी दाखवलं की वेगानं फिरणारी थोडी पाती, संथ फिरणाऱ्या पुष्कळ पात्यांपेक्षा जास्त काम देतात.

ते ग्रामीण वीजतंत्रज्ञही घडवत. त्यांचा विद्यार्थी योहानेस यूल यानं १९५७ मध्ये गेडसर इथे २०० किलोवॅटचं तीन पात्यांचं टर्बाइन उभारलं. आजच्या बहुतेक मोठ्या पवनचक्क्यांची ठेवण त्याच्याशी जुळते. ओरस्टेड थोरच, पण वाऱ्यावर जगणाऱ्या कंपनीला ला कूर यांचं नाव अधिक शोभलं असतं.

१९९१ मध्ये डेन्मार्कच्या विंडेबी इथे समुद्रातला जगातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प सुरू झाला. त्याची ११ टर्बाइनं मिळून सुमारे ५ मेगावॅट वीज देत. आज ऑर्स्टेडच्या जर्मन समुद्रातल्या बोर्कुम रिफग्रुंड ३ मध्ये एकेक टर्बाइन ११ मेगावॅटचं आहे. समुद्रात जायचं कारण साधं: वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सेकंदाला ८ मीटरऐवजी १० मीटर वारा मिळाला, तर शक्ती जवळजवळ दुप्पट होते.

पण समुद्रात बांधायला भांडवल अफाट लागतं. व्याजदर चढले, सुट्या भागांचा पुरवठा रखडला आणि २०२३ मध्ये कंपनीनं अमेरिकेत न्यू जर्सीसमोरचे दोन प्रकल्प सोडून दिले. ला कूर यांच्यासारखंच विजेनं पाण्याचं विघटन करून मिळवलेल्या हरित हायड्रोजनपासून मिथेनॉल बनवण्याचा स्वीडनमधला प्रकल्पही २०२४ मध्ये थांबवला. त्या इंधनाचा बाजार युरोपात अपेक्षेपेक्षा हळू वाढत होता. वारा पडल्यावर काय, हा ला कूर यांचा प्रश्न तंत्राच्या अंगानं बराच सुटला आहे. अडलंय ते साठवणुकीच्या खर्चावर, आणि हा खर्च कोण उचलणार हे एकट्या कंपनीवर सोडून चालणार नाही.