आधी थांबायचं, मग पळायचं!

बालमित्रांनो, ‘स्पोर्ट्स कार’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लालभडक रंग, दोनच सीट, वरचा टप उघडलेला आणि कानात भणाणणारा वारा! आणि किंमत विचारली की बाबांचा चेहरा बघण्यासारखा होतो, हो ना?

पण इंग्लंडमध्ये या गाडीचं आणखी एक रूप पाहायला मिळतं. घराशेजारच्या छोट्या गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, चाकं काढलेली, गंजलेली जुनी गाडी. शनिवार-रविवार आला की घरातली माणसं जुने कपडे घालून तिच्या मागे लागतात. कुणी पाना फिरवतं, कुणी पॉलिश पेपर घासतं. एखादी गाडी सहा महिन्यांत रस्त्यावर येते, तर एखादी सहा वर्षांतही येत नाही!

अशा घरगुती दुरुस्तीसाठी एक गाडी फार लोकप्रिय आहे. तिचं नाव एम.जी.बी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती तयार झाली. तिची सगळी रूपं धरली तर पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. एम.जी. म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’. २०१९ पासून आपल्या रस्त्यांवरही एम.जी. अक्षरांच्या गाड्या दिसू लागल्या. नाव तेच, पण मालकी आता चीनमधल्या कंपनीकडे गेली आहे.

ॲम्बॅसिडरची चुलत बहीण

एम.जी.बी.चं इंजिन १७९८ सी.सी.चं, चार सिलिंडरचं. ताकद ९५ अश्वशक्ती. गंमत म्हणजे या इंजिनाचं घराणं आपल्या ओळखीचं आहे, बरं का! आपली जुनी ॲम्बॅसिडर आठवते? तुम्हाला नसेल, पण आजी-आजोबांना नक्की आठवेल. तिच्यात वर्षानुवर्षं जे १४८९ सी.सी.चं पेट्रोल इंजिन होतं, ते याच ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. म्हणजे लग्नाच्या वरातीत सजणारी ॲम्बॅसिडर आणि इंग्लंडची ही चपळ गाडी चक्क चुलत बहिणी!

अशी साधी, दणकट इंजिनं साध्या हत्यारांनी खोलता येतात. शिवाय गाड्या भरपूर बनल्या, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. १९८८ पासून तर एम.जी.बी.चा संपूर्ण नवा सांगाडासुद्धा विकत मिळू लागला, तोही मूळ कारखान्यातल्याच साच्यांवर घडवलेला!

गंज कुठे लपतो?

जुनी गाडी घ्यायला निघालेला नवखा माणूस आधी इंजिनाचा आवाज ऐकतो. जाणकार माणूस गुडघे टेकून दाराखाली बघतो. का बरं?

एक प्रयोग करा. बुटांचं रिकामं खोकं घ्या. झाकण लावून ते दोन्ही हातांनी पिळून बघा. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. किती सहज वाकडं होतं, बघितलंत? उघडी गाडी म्हणजे झाकण नसलेलं खोकं. छप्पर नाही, मग जोर पेलायचा कुणी? दाराखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पत्र्याची एक पोकळ लांब पेटी असते. घराच्या दाराला असतो तसा हा गाडीचा उंबरा. एम.जी.बी.ला वेगळी चौकट नाही, त्यामुळे बराचसा भार या उंबऱ्यांवरच असतो. आणि नेमकं तिथेच पाणी-चिखल साचून पत्रा आतून सडतो.

बाहेरून मात्र सगळं छान! कारण कुणीतरी भोकावर लांबी भरून वर झकास रंग मारलेला असतो. मग चोरी पकडायची कशी? अगदी सोपं. चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचं. लोखंड असेल तिथे ते चिकटतं, लांबीच्या जाड थरावर चिकटत नाही!

सडलेला उंबरा कापून नवा जोडताना आणखी एक धोका असतो. गाडीला खालून नीट टेकू न देता आणि दाराच्या जागेत आडवी पट्टी न बसवता पत्रा कापला, तर गाडी मधूनच खचते. नवा पत्रा तशाच वाकड्या अवस्थेत जोडला, तर पुढे दार कधीच नीट लागत नाही. म्हणून हे वेल्डिंग पुष्कळ लोक जाणत्या कारागिराकडूनच करून घेतात. त्यात कमीपणा कसला?

मुलांचं काम, मोठ्यांचं काम

गाडी खोलणं सोपं, जोडणं कठीण! म्हणून प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो काढायचा, प्रत्येक नटबोल्ट छोट्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची: ‘डावं दार, वरची बिजागरी’. हे काम मुलं मोठ्यांपेक्षाही छान करतात. अक्षर मात्र सुवाच्य हवं!

काही कामं मात्र मोठ्यांचीच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही. जॅक सरकला तर सुमारे साडेनऊशे किलोंची गाडी अंगावर येते. खाली भक्कम स्टँड हवेतच. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवायची आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवायची. आणि जुन्या ब्रेकमधली धूळ फुंकर मारून उडवायची नाही, कारण त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ते फुप्फुसांना फार घातक असतं.

सुधारणा कुठून सुरू करायची?

आता खरी मजा! जुनी गाडी नुसती पूर्वीसारखी करायची की पूर्वीपेक्षा चांगली? इथे बऱ्याच जणांना आधी वेग हवा असतो. पण थोडं गणित करू या. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर काही अंतरावर थांबते. वेग ८० केला तर ते अंतर दुप्पट होईल, असं वाटतं ना? नाही! ते साधारण चौपट होतं. कारण वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते आणि ती सगळी ब्रेकना जिरवावी लागते.

म्हणून सुधारणेचा क्रम ठरलेला असतो. आधी सांगाडा. मग ब्रेक: नवे पाइप, नवं ब्रेक ऑईल. (हे ऑईल हवेतली ओल शोषतं. मग गरम झालं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेकचा पेडल नुसताच खाली जातो!) त्यानंतर टायर, स्टिअरिंग, सीटबेल्ट. मग वायरिंग. १९६७ पर्यंतच्या एम.जी.बी.त बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असायचं. आजच्या गाड्यांत ऋण टोक असतं. हे न बघता नवा रेडिओ जोडला तर तो जळालाच म्हणून समजा!

इंजिनालाही नव्या काळाशी जुळवून घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही २००० सालापासून सर्वसाधारण विक्रीचं पेट्रोल शिसेविरहित झालं. शिशामुळे जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींची झीज कमी व्हायची. आता त्या जागी कठीण धातूच्या बैठकी बसवतात. २०२१ पासून ब्रिटनच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबरी पाइप खराब करतं, म्हणून तेही बदलायचे. हे सगळं झालं, की मग खुशाल पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवा आणि इंजिनाची ताकद वाढवा!

तपासणार कोण?

शेवटी एक विचार करण्यासारखी गोष्ट. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी असते. पण मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना तिच्यातून सूट मिळाली. म्हणजे अशा एम.जी.बी.चा उंबरा सडलेला आहे की भक्कम, हे बघायला कुणीही परीक्षक येणार नाही. गाडी सुरक्षित ठेवायची कायदेशीर जबाबदारी मात्र मालकाचीच! तरीही पुष्कळ मालक आपण होऊन गाडी तपासणीला नेतात. का? कारण लांबीखालचा गंज लोकांना दिसत नसला तरी बाजूच्या सीटवर आपलंच लेकरू बसणार असतं.

मित्रांनो, एम.जी.बी. तुमच्या घरी नसेल, पण सायकल तर आहे ना? येत्या रविवारी आई किंवा बाबांना सोबत घ्या. घंटी आणि रंगीत झिरमिळ्या राहू द्यात बाजूला. आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, ब्रेकची रबरं झिजलीत का पाहा, तारेचे धागे तुटलेत का तपासा. मग चेनला तेल द्या. आणि मग... मारा टांग!