दुर्मीळ जोडठोकळ्यांच्या खेळसंचांचे संग्रहण व जतन : मूल्यविचार आणि वऱ्हाडचे हवामान

प्रस्तावना :
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वऱ्हाडात तान्हा पोळा साजरा होतो. आजोबांसाठी घडविलेला लाकडी बैल अनेक घरांत नातवाच्या हाती येतो. चाक निखळल्यास नवे बसविले जाते, रंग उडाल्यास पुन्हा दिला जातो. वापरत राहणे हेच त्याचे जतन होय. प्लॅस्टिकच्या जोडठोकळ्यांच्या दुर्मीळ संचांबाबत मात्र याच्या नेमके उलट घडते. ज्या संचाशी कोणी खेळलेच नाही, त्यालाच बाजारात सर्वाधिक किंमत मिळते. हे मूल्य कशातून निर्माण होते, ते कितपत टिकाऊ आहे आणि अमरावती-अकोल्याच्या हवामानात असे संच कसे जपावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी :
डेन्मार्कमधील बिलुंड येथे ओले कर्क क्रिस्टियनसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास प्रारंभ केला. १९३४ मध्ये या उद्योगास ‘लेगो’ हे नाव मिळाले. आतून नळ्या असलेल्या आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. १९६३ पासून त्यासाठी ‘एबीएस’ हे टणक प्लॅस्टिक वापरले जाऊ लागले. त्या रचनेचा जुना ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. त्यामुळे जुना संच कालबाह्य ठरत नाही. संग्रहमूल्याचा हा पहिला आधार होय.

मूल्याचे घटक :
संचाचे मूल्य प्रामुख्याने तीन बाबींवर ठरते : सर्व भाग व सूचनापुस्तिका यांची पूर्णता, खोक्यासह वस्तूची अवस्था आणि उत्पादन बंद झाल्यामुळे आलेली दुर्मिळता. १९८७ ते २०१५ या काळातील संचांच्या किमतींवर आधारित, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रशियन अभ्यासात या गुंतवणुकीचा सरासरी वार्षिक परतावा सुमारे ११ टक्के आढळला. परंतु सरासरी ही प्रत्येक संचाची हमी नव्हे.

यासंदर्भात ‘ताजमहाल’ संचाचे उदाहरण बोलके आहे. ५,९२२ भागांचा हा संच २००८ मध्ये बाजारात आला. त्याचे उत्पादन थांबल्यावर किंमत मूळ किमतीच्या कित्येक पट वाढली. २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तोच संच ५,९२३ भागांसह पुन्हा विक्रीस आणला आणि जुन्या संचाची चढी किंमत उतरली. येथे दुर्मिळता संग्राहकाच्या नव्हे, तर उत्पादकाच्या हाती असते. भारतीय ग्राहकासाठी आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. खरेदीच महाग पडली, तर परदेशातील आकड्यांवरून काढलेला नफ्याचा हिशेब येथे लागू पडत नाही.

वऱ्हाडातील जतन :
अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत व त्याहूनही वर जातो. एवढ्या तापमानात एबीएस वितळत नाही. परंतु सूर्यप्रकाशातील अतिनील किरण व उष्णता यांमुळे त्याचे रासायनिक विघटन होते. पांढरे ठोकळे पिवळे पडतात आणि काही भाग ठिसूळ होतात. पिवळेपणा घालविण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले जाते. मात्र रंग पुन्हा पालटू शकतो. शिवाय अशा प्रक्रियेनंतर वस्तू मूळ अवस्थेत राहत नाही.

पावसाळ्यात धोका कागदाला असतो. पुठ्ठ्याचे खोके ओल धरते, त्यास बुरशी, कसर व वाळवी लागते. म्हणून संच टिनाच्या छताखाली किंवा माळ्यावर न ठेवता घरातील थंड, अंधाऱ्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावेत. सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. खोक्यांवर वजन रचू नये. सुटे ठोकळे ४० अंशांपेक्षा कमी उष्ण पाण्यात, सौम्य साबणाने धुवावेत व सावलीत वाळवावेत. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी याहून अधिक तापू शकते, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक संचाचा क्रमांक, वर्ष, भागांची संख्या, खरेदीची पावती व छायाचित्र यांची नोंदही ठेवावी.

निष्कर्ष :
पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय बालवयात गेलेल्या मुलाच्या नावाने उभे राहिले. दिनकर केळकरांनी जमविलेले दिवे, अडकित्ते व वाद्ये यांचा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. या नित्याच्या वस्तूंना आज जे महत्त्व आहे, ते पुनर्विक्रीच्या किमतीमुळे आलेले नाही; त्यांतून एका समाजाचे जगणे कळते म्हणून आले आहे. जोडठोकळ्यांच्या संचालाही हीच कसोटी लावता येईल. त्याची किंमत एका नव्या आवृत्तीने उतरू शकते. नोंदींसह जपलेल्या संचाचे अभ्यासमूल्य मात्र त्यामुळे कमी होत नाही. म्हणून मुलांच्या शिक्षणासाठीची बचत अशा बंद खोक्यांत गुंतविणे शहाणपणाचे नाही. संग्रह आवडीसाठी व अभ्यासासाठी करावा, नफा झाल्यास तो आनुषंगिक मानावा आणि घरातील एक तरी संच मुलांच्या हाती खेळण्यास द्यावा. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल वऱ्हाडला हेच शिकवीत आला आहे.