उलटली, पण बुडाली नाही

१ जून १९८९ रोजी ‘रोझ-नोएल’ ही शिडाची नौका न्यूझीलंडमधील पिक्टन बंदरातून टोंगा बेटांकडे निघाली. नौकेवर चौघे होते. ४ जूनच्या पहाटे एका प्रचंड लाटेने ती पालथी केली. ३० सप्टेंबरला ती ऑकलंडच्या ईशान्येकडील ग्रेट बॅरिअर बेटाच्या खडकांवर आदळून फुटली, आणि चारही जण चालत किनाऱ्यावर गेले. मधले ११९ दिवस ते एका उलट्या नौकेत राहिले होते.

ही नौका ट्रायमरान होती. म्हणजे मधे मुख्य नौका आणि दोन्ही बाजूंना तिला जोडलेल्या दोन अरुंद नौका. दोन सारख्या नौका जोडल्या की कॅटमरान. हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेले लाकूड यावरून आला. कोकणात होडीच्या एका अंगाला उलांडी बांधतात, तिच्यामागचे तत्त्वही हेच : आधार रुंद केला की होडी सहजी कलंडत नाही.

साध्या शिडाच्या नौकेला तळाखाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा असतो. वाऱ्याने ती कलते, पण जितकी कलते तितका तो कणा तिला सरळ करायला ओढतो. पूर्ण उलटली तरी बहुधा परत सरळ होते. मात्र आत पाणी भरले, तर तेच वजन तिला तळाशी नेते. कॅटमरानचे गणित उलटे आहे. तिच्याजवळ वजन नाही, रुंदी आहे. सुरुवातीला ती टेबलासारखी स्थिर असते. पण वाऱ्याकडची बाजू पाण्याबाहेर आली, की सावरण्याची ताकद कमी होऊ लागते. एकदा पालथी झाली की ती तशीच राहते. टेबल उलटे ठेवले तरी स्थिरच असते! पण हलक्या बांधणीमुळे ती तरंगत राहते, आणि ‘रोझ-नोएल’वरील चौघे वाचले ते आधी याच गुणामुळे.

तळाला भोक पाडून त्यांनी बाहेर यायची वाट केली. झोपायला होती ती जागा जेमतेम एका डबल बेडएवढी, नीट उठून बसताही येऊ नये इतकी बुटकी. महिना जूनचा, म्हणजे तिकडचा हिवाळा. ओल्या अंगाची उष्णता कोरड्या अंगापेक्षा फार लवकर जाते. तेव्हा चौघांनी एकमेकांना चिकटून झोपणे ही अडचण होती, तसाच तो उपचारही होता.

तहान हा अधिक कठीण प्रश्न. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपले मूत्रपिंड इतकी खारट लघवी तयार करू शकत नाही. त्यामुळे ते क्षार बाहेर टाकायला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी शरीरातूनच खर्च होते. समुद्राचे पाणी प्यायलेला माणूस म्हणूनच अधिक लवकर कोरडा पडतो. या चौघांनी पावसाचे पाणी साठवले, मासे आणि समुद्रपक्षी पकडून खाल्ले.

किनाऱ्यावर आल्यावर त्यांच्यावर प्रथम अविश्वास दाखवला गेला. एवढे दिवस समुद्रात काढलेली माणसे इतकी धडधाकट कशी? शंका स्वाभाविक होती, पण वैद्यकीयदृष्ट्या घाईची. चार महिने उपाशी राहिलेला माणूस आणि चार महिने थोडेथोडे प्रथिनयुक्त अन्न, गोडे पाणी व भरपूर विश्रांती मिळालेला माणूस, यांत मोठा फरक असतो. पुढे चौकशीत त्यांचे म्हणणे खरे ठरले.

अशी नौका चालवणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट मात्र उलटण्याच्या आधीची आहे. साधी नौका कलून सांगते की शीड जास्त झाले. कॅटमरान जवळपास सपाटच राहते, त्यामुळे अंगाला धोका जाणवत नाही. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५ नॉटचा वारा २० नॉटचा झाला, तर शिडावरचा दाब पावणेदोन पटींवर जातो. म्हणून जाणते खलाशी वाऱ्याच्या यंत्रावरचा आकडा पाहून आणि झोताच्या हिशेबाने शीड आधीच आखडतात. मागून मोठ्या लाटा येत असतील तर वेगही रोखावा लागतो. नौका लाटेवरून घसरत गेली आणि तिची नाळ पुढच्या लाटेत घुसली, तर ती पुढच्या बाजूनेच उलटू शकते. यासाठी मागे दोराने कापडी ओढण बांधतात. हे काम वादळ येण्यापूर्वी करायचे असते. वांत्यांनी अर्धमेला झालेल्या माणसाला ते नंतर जमत नाही.

आता युरोपात विकल्या जाणाऱ्या, उलटू शकणाऱ्या अशा राहत्या नौकांना उलटल्यावर बाहेर पडण्याची वाट ठेवणे सक्तीचे आहे. ‘रोझ-नोएल’वरचा संकट-संदेश देणारा बीकन बॅटरी संपेपर्यंत चालू होता, तो कोणीही ऐकला नाही. आजचे बीकन उपग्रहाला संदेश देतात, अनेक तर जागाही कळवतात. ते ठेवायचे मात्र अशा ठिकाणी, जिथे नौका पालथी असतानाही हात पोहोचेल.