पंख सांगतील पाहुण्याचे नाव

थंडी पडू लागली की घारापुरीला निघालेल्या लाँचमागे, प्रयागच्या संगमावर, दिल्लीच्या यमुनाघाटावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे घिरट्या घालू लागतात. मुले विचारतात, "हा कोणता पक्षी?" आपण 'सीगल' म्हणून मोकळे होतो. मराठीत त्याला 'कुरव' म्हणतात. पण एकाच थव्यात अनेकदा दोन निरनिराळे पाहुणे असतात. एक काळ्या डोक्याचा कुरव, दुसरा तपकिरी डोक्याचा.

नावावर मात्र विसंबू नका. डोक्यावरची ती गडद टोपी फक्त विणीच्या हंगामातली. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होतात आणि डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो. गंमत म्हणजे 'काळ्या' डोक्याच्या कुरवाची टोपीही खरे तर गडद चॉकलेटीच असते!

मग ओळखायचे कसे? पक्षी उडताना त्याच्या पंखाचे टोक पाहा. टोक ठळक काळे आणि त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके दिसले, तर तो तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेने लांब पांढरा पट्टा गेलेला आणि काळा रंग केवळ किनारीपुरता असेल, तर तो काळ्या डोक्याचा. पंखांवर तपकिरी नक्षी आणि शेपटीला काळी पट्टी दिसली, तर पक्षी अजून लहान आहे असे समजा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पिल्लांत ते पांढरे ठिपके नसतात, टोक नुसतेच काळे असते.

हा काळा रंग शोभेपुरता नाही. मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे पिसे बळकट होतात आणि लांबच्या प्रवासात लवकर झिजत नाहीत.

दोघांची माहेरेही वेगळी. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटमधल्या 4,000 मीटरहून उंच तळ्यांकाठी अंडी घालतो. काळ्या डोक्याचा युरोप आणि उत्तर आशियातल्या पाणथळींवरचा. भारतात 1987 पासून जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. तिथे नुसते 'कुरव' असे लिहिले, तर उद्या लडाखच्या तळ्यांवरचे पक्षी घटले तरी आपल्याला पत्ता लागणार नाही.

तेव्हा यंदा मुलांना घेऊन किनाऱ्यावर जरूर जा. पाहुण्यांना खारट, तळलेली शेव मात्र घालू नका, ती त्यांचे अन्न नव्हे. त्याऐवजी पंखांवरचे पांढरे ठिपके मोजा.