इम्युटेबल ऑब्जेक्ट: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकदा तयार झाल्यावर ज्याची आतली स्थिती बदलता येत नाही, तो इम्युटेबल ऑब्जेक्ट. व्याख्या सोपी आहे. घोटाळा होतो तो व्हेरिएबलचे नाव आणि ऑब्जेक्ट एकच मानल्यामुळे.

गैरसमज १: जावात ‘फायनल’ किंवा जावास्क्रिप्टमध्ये ‘कॉन्स्ट’ लिहिले की ऑब्जेक्ट बदलत नाही.

वस्तुस्थिती: हे शब्द नावाला बांधतात, ऑब्जेक्टला नाही. ‘कॉन्स्ट’ अ‍ॅरेत ‘पुश’ने नवा घटक खुशाल घालता येतो, त्याच नावाला दुसरा अ‍ॅरे द्यायला गेलात, तर मात्र टाइपएरर येते. ऑब्जेक्ट गोठवायला ‘ऑब्जेक्ट.फ्रीझ’ आहे, पण तेही वरच्या थरापुरतेच.

गैरसमज २: पायथनमध्ये स्ट्रिंगला मजकूर जोडता येतो, म्हणजे ती बदलते.

वस्तुस्थिती: करून पाहा. अ = "पुणे", ब = अ; मग अ += " शहर". आता ब छापा: "पुणे"च येते. जुनी स्ट्रिंग तशीच राहिली, ‘अ’ हे नाव नव्या स्ट्रिंगकडे वळले. हाच प्रयोग लिस्टवर केलात तर ‘ब’सुद्धा बदललेली दिसेल, कारण तिथे दोन्ही नावांमागची एकच लिस्ट बदलली.

गैरसमज ३: टपल इम्युटेबल, म्हणून तिच्यातले सगळेच सुरक्षित.

वस्तुस्थिती: टपलमध्ये लिस्ट ठेवली असेल, तर त्या लिस्टवर ‘अपेंड’ बिनबोभाट चालते. टपलमधले संदर्भ तेवढे पक्के असतात. म्हणूनच अशी टपल डिक्शनरीची की होऊ शकत नाही. पायथन ती लिस्ट अनहॅशेबल असल्याचे सांगून नकार देते.

गैरसमज ४: प्रत्येक बदलाला पूर्ण प्रत काढावी लागते, म्हणून हा प्रकार मंदच.

वस्तुस्थिती: लूपमध्ये स्ट्रिंग जोडत बसल्यास खर्च वाढतो हे खरे, जावात त्यासाठीच स्ट्रिंगबिल्डर आहे. पण रिच हिकी यांनी २००७ मध्ये आणलेल्या क्लोजरमधला व्हेक्टर ३२ फांद्यांच्या झाडासारखा रचलेला असतो. दहा लाख घटकांपैकी एक बदलला, तरी वाटेवरचे चारेक नोडच नव्याने बनतात. बाकीचे झाड जुन्या-नव्या दोन्ही व्हेक्टरांत सामायिक राहते.

शिवाय जो ऑब्जेक्ट बदलतच नाही, तो अनेक थ्रेडना लॉक न लावता वाचता येतो. जावाचा जुना ‘डेट’ बदलता येतो. २०१४ च्या जावा ८ मधला ‘लोकलडेट’ इम्युटेबल केला गेला, तो अशा बदलांतून होणाऱ्या चुका टाळण्यासाठी. तेव्हा कोड तपासताना दोन प्रश्न जरूर विचारा: पक्के काय आहे, नाव की ऑब्जेक्ट? आणि किती खोलवर?